सुकतीपासून तीन मैल

मी हे लिहायला बसलो आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. रीत म्हणून मागत नाही. जोमाबाबांविषयी लिहायचा अधिकार कोळीवाड्यातल्या कुणालाही माझ्यापेक्षा जास्त आहे. पण त्यांच्यापैकी कुणाला लिहिता येत नाही आणि मला येतं. शिवाय मी याआधी एकदा लिहिलं आहे. ते छापूनही आलं. त्या चार पानांनी त्यांचं काय केलं ते सांगायचं, तर पुन्हा लिहिण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही.

म्हणून या लेखात आमच्या गावाचं नाव नाही. पलीकडच्या गावाचंही नाही. आमचं गाव थळच्या आसपास आहे आणि अंगणातून खांदेरी बेटावरचा दिवा दिसतो, एवढं पुरे. तो दिवा पुष्कळ गावांतून दिसतो, तेव्हा सांगायला हरकत नसावी.

गावाचे दोन भाग आहेत. वरच्या अंगाला आम्ही मिठागरावरची माणसं आणि खालच्या अंगाला कोळीवाडा. आमचं सगळं काम बांधांचं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, चौकोनात कोंडायचं आणि उन्हात वाळवायचं. हद्द म्हणजे बांध, तो डोळ्यांना दिसला पाहिजे, त्यावरून चालता आलं पाहिजे, हे आम्हांला पाळण्यातच कळतं. कोळ्यांच्या हद्दीला बांध नसतो. ही साधी गोष्ट मी लहानपणापासून बघत होतो, पण मला ती समजली नव्हती.

जोमा तांडेल हे कोळीवाड्यातले सर्वांत म्हातारे नव्हते, सर्वांत मोठ्या होडीचे मालकही नव्हते. अंगानं किरकोळ. खांद्यावर नेहमी एक धुवट लाल फडकं. दुपारी मांडवाखाली बसून जाळं सांधत असायचे, आणि बसायचे ते नेमाने समुद्राकडे तोंड करून. एका लग्नात पंगतीत त्यांना चुकून उलट्या बाजूला पाट मिळाला, तर भात वाढलेला असताना उठले आणि समोरच्याला म्हणाले, "तू हिकडं ये रं. मना दर्याला पाठ करून घास गिलता येत न्हाय." समोरचा निमूटपणे पान उचलून पलीकडे गेला. लोकांना ते ठाऊक होतं.

दुसरी सवय हनुवटीची. समुद्रातली जागा ते कधी बोटाने दाखवत नसत. हनुवटी थोडी वर करायची आणि डोळे बारीक करायचे, की आपण समजून घ्यायचं. आणि वाऱ्यात ओरडायचे नाहीत. बाकीचे कोळी वाऱ्याच्या वर आवाज काढून बोलतात, ते सगळ्यांना माहीत आहे. जोमाबाबा वाऱ्याचा झोत जाईपर्यंत थांबायचे. "तो बोलतो तवा आपन कशाला बोलायचं," म्हणायचे. त्यामुळे त्यांचं एखादं वाक्य पुरं व्हायला कधी कधी बराच वेळ लागे. घाईच्या माणसाला ते मंद वाटत.

मी मॅट्रिक झालो तेव्हा त्यांनी मला 'बालिस्टर' हे नाव ठेवलं. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. वडील, ज्यांना मी आबा म्हणतो, अंगठा उठवतात. मी मुंबईला कॉलेजात गेल्यावर सुट्टीत रेवसच्या बोटीने यायचो, आणि कोळीवाड्यावरून जाताना हाक ठरलेली असायची. "काय रं बालिस्टर, हायकोर्ट बंद हाय का?"

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना इतिहासाच्या प्राध्यापकांनी एक योजना मांडली. जिनिव्हाला सगळ्या राष्ट्रांची सभा भरते, तिच्यासारखी सभा आपण कॉलेजात भरवायची. एकेका विद्यार्थ्याने एकेक देश घ्यायचा. त्या देशाचं म्हणणं शोधायचं, ते आपलं म्हणून मांडायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक ठराव करायचा. विषय दिला तो समुद्राच्या हद्दीचा. किनाऱ्यावरच्या देशाची सत्ता पाण्यात किती मैल चालावी? या प्रश्नावर हेगला खरी परिषद नुकतीच होऊन गेली होती आणि मैलांवर एकमत न होता उठली होती.

"मोठ्यांना जमलं नाही. तुम्ही बघा जमतं का," प्राध्यापक हसून म्हणाले.

चिठ्ठ्या उचलायच्या होत्या. मला नॉर्वे हवा होता. नकाशात त्याचा किनारा फाटक्या जाळ्यासारखा दिसतो आणि तिथे लहान होड्यांवर जगणारी माणसं आहेत असं मी वाचलं होतं. चिठ्ठीत ब्रिटन निघालं. मी त्या वेळी खादीची टोपी घालत असे. वर्गात हसू उसळलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "साहेब, टोपी बदलावी लागेल." मी टोपी बदलली नाही, पण त्या दिवशी जेवलोही नाही.

तीन आठवडे मी ग्रंथालयात बसलो. ग्रंथपालांनी परिषदेची इतिवृत्तं काढून दिली. एका पानाला मला अर्धा तास लागे, कारण शेजारी शब्दकोश उघडा. ब्रिटन तीन मैल म्हणतं, नॉर्वे चार म्हणतं, आणखी कुणी सहा. ज्यांच्याकडे वाफेची मोठी मासेमारी जहाजं आहेत त्यांना दुसऱ्याच्या किनाऱ्याजवळ जायचं असतं, म्हणून त्यांना हद्द लहान हवी. हे सगळं मी नीट उतरवलं. प्राध्यापकांनी वही चाळली आणि म्हणाले, "टिपणं बरोबर आहेत. पण तू अजून ब्रिटन झालेला नाहीस. तू दुरून ब्रिटनची तक्रार करतो आहेस."

ते वाक्य घेऊन मी नारळी पुनवेच्या सुट्टीत घरी आलो.

जोमाबाबांना मी सगळं सांगितलं ते मदतीसाठी नव्हे. त्यांनी नेहमीची हाक मारली, मी थांबलो आणि मनात साचलेलं बाहेर पडलं, इतकंच. ते जाळं सांधत ऐकत होते.

"तीन मैल," ते म्हणाले. "कुठपासून?"

"किनाऱ्यापासून."

"भरतीच्या का सुकतीच्या?"

आमच्याकडे सुकतीला पाणी इतकं मागे जातं की सकाळी जिथे होडी तरंगत असते तिथे दुपारी बायका कालवं फोडत बसतात.

"अन ती खांदेरी," त्यांनी हनुवटी वर केली. "ती धरून मोजायचं का सोरून?"

"बघावं लागेल, बाबा."

"बघ. मानसं शिकलेली हायत, त्यांनी इचार केला असंल." मग सुई थांबवून म्हणाले, "तुना कोनता देश दिला?"

"इंग्लंड."

"बरं जालं. आपल्या बाजूनं कुनीबी बोलतं."

मुंबईला परतल्यावर मी इतिवृत्त पुन्हा उघडलं. दोन्ही प्रश्न तिथे होते. सुकतीची रेषा धरावी की कोणती, आणि किनाऱ्याजवळच्या बेटांचं काय करावं, यावर शिकलेल्या माणसांनी पानंच्या पानं वाद घातला होता. मी तीन आठवडे त्या पानांवरून गेलो होतो आणि मला तो वाद दिसला नव्हता. पण हे पुढचं झालं. त्या सुट्टीत आणखी दोन गोष्टी घडल्या आणि खरा लेख त्यांचा आहे.

आमच्या आणि पलीकडच्या गावाच्या मध्ये समुद्रात वाळूचा एक दांडा आहे. त्याच्या कडेने पाण्याला जोर असतो. कोळी तिथे खांब रोवतात आणि त्यांना डोल बांधतात; डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, प्रवाह स्वतःच मासळी आणून त्यात भरतो. खांब चार हात इकडे पडला तर बोंबील आणि चार हात तिकडे पडला तर चिखल. कोळीवाड्याचं वर्षाचं पोट त्या चार हातांवर. म्हणून दर वर्षी पुनवेनंतर, खांब रोवण्याआधी, दोन्ही गावांची माणसं सुकतीला त्या दांड्यावर जमतात आणि यंदा रेघ कुठून धरायची ते ठरवतात. ठरवून देणारे जोमाबाबा. ते आमच्या गावचे असूनही पलीकडच्यांना चालत.

त्या वर्षी त्यांनी मला बरोबर नेलं. "परिषद बघायची हाय ना तुना," म्हणाले.

तिथली रीत मी पहिल्यांदा पाहिली. कुणी आपली तक्रार मांडायची नाही. समोरच्याची मांडायची. तीही समोरचा "व्हय" म्हणेपर्यंत.

पलीकडून लखमा नाखवा पुढे आला. तरुण, नवीन होडी घेतलेला, तोंडाने फटकळ.

"लखमा, आमच्या गावाचा राग सांग," जोमाबाबा म्हणाले.

"तुमचा राग तुमीच सांगा की. मना काय धंदा न्हाय?"

"तुना सांगाया लागंल. त्याबिगर भाकर न्हाय."

माणसं हसली. लखमा वाळूत पाय घासत म्हणाला, "तुमी म्हनता, आमी गेल्या साली चार खांब तुमच्या अंगाला रोवले."

"आनखी?"

"तुमची जाली रिकामी आली."

"आनखी हाय."

लखमाने आमच्या माणसांकडे बघितलं. आमचा धर्मा कोळी मागे उभा होता. वारा सुटला होता, जोमाबाबा थांबले आणि सगळेच थांबले. मग लखमा खाली बघत म्हणाला, "धर्माच्या पोरीचं लगीन त्या साली मोरलं. हुंड्याला काय उरलं न्हाय."

धर्मा म्हणाला, "व्हय. हाच राग."

मग आमच्याकडून धर्माला त्यांचा राग सांगावा लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लखमाने मान हलवली. त्यानंतर रेघ ठरायला फार वेळ लागला नाही. ठरल्यावर त्यांच्या घरची भाकरी आमच्या माणसांनी खाल्ली आणि आमच्या घरची त्यांनी. मला लखमाच्या घरची भाकरी आणि सुका जवळा आला. जोमाबाबांनी खाता खाता विचारलं, "तुझ्या त्या परिषदेत, जी उठली म्हनतोस, तिथं जेवले का एकमेकांचं?"

"जेवले असतील. हॉटेलात."

"आपापलं?"

"आपापलं."

"मंग उठनारच," ते म्हणाले.

मी खिशातून पेन्सिल काढली. त्यांनी पाहिलं. "बालिस्टर, ती काडी आत ठेव."

"का, बाबा? लिहून ठेवलं तर पुढच्या वर्षी वादच नको."

"हा दांडा दर पावसात सरकतो. कंदी हिकडं, कंदी तिकडं. तो सरकला का आमी रेघ सरकवतो. कागद सरकंल का?"

मी पेन्सिल आत ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला होडीतून ती रेघ दाखवली. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकात एक मिळाल्या की ही बाजू, आणखी दोन मिळाल्या की ती बाजू. सगळं हनुवटीने. "डोल्यांत ठेव," म्हणाले. मी ठेवलं. घरी गेलो आणि विसरायच्या आत आबांच्या खोपट्यात बसून ते सगळं कागदावर काढलं. मी त्यांचा शब्द मोडला असं मला वाटलं नाही, कारण होडीत मी पेन्सिल बाहेर काढली नव्हती. माणूस स्वतःला असं समजावू शकतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बांधावरचा माणूस मी, रेघ दिसली की ती आखून ठेवावी एवढंच मला येत होतं.

नाताळच्या आधी परिषद झाली. माझी पाळी आली. मी ब्रिटनचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिलो आणि म्हणालो की माझं म्हणणं सांगण्याआधी मी नॉर्वेचं म्हणणं सांगतो, ते बरोबर आहे असं नॉर्वेने म्हटलं तरच पुढे बोलेन. कुजबुज झाली. मी लहान होड्यांविषयी बोललो, वाफेची जहाजं येऊन गेल्यावर रिकामी आलेल्या जाळ्यांविषयी बोललो, आणि एका वर्षीच्या रिकाम्या जाळ्याने घरातलं काय काय मोडतं तेही बोललो. नॉर्वेच्या जागेवर गिरगावातला एका वकिलाचा मुलगा होता. तो भाषण पाठ करून आला होता. ते हातात तसंच ठेवून तो उभा राहिला आणि म्हणाला, "हो. आमचा राग हाच आहे."

त्या दिवशी ठराव झाला. साडेतीन मैलांचा, सुकतीच्या रेषेपासून, आणि दर काही वर्षांनी पुन्हा बसून बघायचं या अटीवर. जगात त्याला काही किंमत नव्हती. तरी मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी नॉर्वेने मला आपल्या घरी जेवायला नेलं.

प्राध्यापकांनी विचारलं, ही पद्धत कुठल्या पुस्तकात सापडली? मी जोमाबाबांविषयी सांगितलं आणि ते चित्र दाखवलं. ते फार खूश झाले. "हे कॉलेजच्या अंकात आलंच पाहिजे, नकाशासकट." मग त्यांनी विचारलं, "यात कुणाची हरकत नसेल ना?"

मी म्हणालो, "नाही, सर."

हे दोन शब्द मी किती वेळा आठवले असतील, ते सांगत नाही.

अंक निघाल्यावर मी तो घेऊन गावी गेलो आणि मांडवाखाली बसून जोमाबाबांना वाचून दाखवला. भाषणाच्या ठिकाणी ते हसले. धर्माचं नाव मी बदललं होतं, तरी त्यांनी ओळखलं आणि मान हलवली. मग पान उलटलं. त्यांनी अंगठा टेकवला.

"ही खांदेरी?"

"हो."

"अन ही रेघ?"

त्यांनी अंगठा रेघेवरून हळूहळू फिरवला, होडी नेतात तसा.

"किती छापलं?"

"शंभर-दीडशे असतील."

"परत मागता येतात?"

"नाही, बाबा."

"मंग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "चाय घे." सुनेला हाक मारून त्यांनी चहा सांगितला. मला ते रागावले असते तर बरं झालं असतं.

तो हंगाम बरा गेला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दांडा सरकला, चांगलाच, आमच्या गावापासून दूर. प्रवाहही त्याच्याबरोबर गेला. रीतीप्रमाणे रेघ सरकायला हवी होती. पुनवेनंतर सगळे दांड्यावर जमले, आणि लखमाने कमरेच्या पिशवीतून अंकातलं ते पान काढलं. त्याच्या मेहुण्याचा मुलगा मुंबईला छापखान्यात कामाला होता. त्याच छापखान्यात आमचा अंक निघाला होता. मी त्या दिवशी गावात नव्हतो, हे आबांनी सांगितलेलं.

"लखमा, आमच्या गावाचा राग सांग," जोमाबाबा म्हणाले.

"मी कशाला सांगू? हितं छापलेलं हाय. तुमच्याच गावच्या शिकलेल्यानं छापलंय, तुमच्याच तोंडचं ऐकून. रेघ हितं म्हंजे हितं."

त्या दिवशी भाकऱ्या सोडल्याच नाहीत. ज्याने त्याने आपल्या घरी नेल्या.

प्रकरण अलिबागच्या कचेरीत गेलं. आमच्या गावाने लावलेल्या वकिलाने एकच तोड सांगितली. मुलाने ते चित्र कल्पनेने काढलं, असं जोमाने सांगावं. एवढं सांगितलं की कागद बाद. कोळीवाड्याने त्यांचे पाय धरले. धर्मा दोन दिवस त्यांच्या दारात बसून होता. आबा मला म्हणाले, "आपन बांधावरची मानसं. दर्याच्या भानगडीत तुना कुनी जायला सांगितलं?"

साक्षीच्या दिवशी मी कचेरीबाहेर त्यांना गाठलं. ते धुतलेलं लाल फडकं नीट घडी करून खांद्यावर टाकून चिंचेखाली उभे होते.

"बाबा, तुम्ही काही बोलू नका. मी स्वतः सांगतो, मी मनाने काढलं."

"काढलंस का मनानं?"

"नाही. पण सांगतो."

वारा नव्हता, तरी ते थांबले. "तू आज म्हनालास का माझं छापलेलं खोटं, तर उद्या तुझं खरं कोन मानील? तुना अजून लय लिवायचं हाय."

"आणि गाव?"

त्यांनी हनुवटी वर केली, पण कशाकडे ते मला कळलं नाही. कचेरीच्या त्या बाजूला समुद्र दिसत नव्हता.

आत लखमाच्या वकिलाने तो कागद त्यांच्यापुढे धरला.

"ही रेघ तुम्ही या मुलाला दाखवली?"

"व्हय."

"त्याने बरोबर काढली आहे?"

"त्या साली बरोबर व्हती. दांडा सरकतो, साहेब. त्या साली..."

"हो की नाही, एवढंच सांगा. बरोबर काढली आहे?"

जोमाबाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं.

"व्हय. पोरानं बरोबर काढलंय. दाखवली मीच."

कारकुनाने 'हो' एवढंच लिहिलं. ते लिहिताना मला दिसत होतं.

निकाल कागदाप्रमाणे लागला. रेघ कायमची झाली. आमच्या गावाच्या वाट्याला जिथे प्रवाह उरला नव्हता ती जागा आली. पहिल्या हंगामात जाळ्यांत चिखल आला, दुसऱ्यात जेमतेम कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी. काही घरांतली माणसं मुंबईला दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून गेली, धर्मा त्यांत होता. जोमाबाबांना कुणी वाईट बोललं नाही. त्यांना बोलावणंच बंद झालं. लग्नाचा मुहूर्त, होडीची वाटणी, नवराबायकोचं भांडण, सगळं दुसऱ्या कुणाकडे जाऊ लागलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बी. ए. च्या परीक्षेला जायच्या आधी. दुपार होती. मांडवाखाली नव्हते, बाहेर एका उपड्या होडीला टेकून जाळं सांधत बसले होते. जवळ जाईपर्यंत काय चुकतंय ते माझ्या लक्षात आलं नाही. त्यांची पाठ समुद्राकडे होती.

"बस, नारायण," ते म्हणाले. माझं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा प्रथम ऐकलं.

मी बसलो. मग विचारलं, "बाबा, आज तोंड इकडे?"

"तुमचे बांध बघतंव," ते म्हणाले. "बरे हायत. घातले तिथं ऱ्हातात."

त्यात टोमणा नव्हता. ते खरंच बघत होते. मला क्षमा मागायची होती, वाक्यही तयार होतं. तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि त्यांच्या सवयीने मीही थांबलो. झोत गेला तेव्हा ते पुन्हा सुईकडे वळले होते. बोटीची वेळ झाली होती. मी उठलो.

परीक्षेनंतर मी शिकवणीच्या सोयीसाठी मुंबईत खोली बदलली. गावाकडचं पत्र जुन्या पत्त्यावर पडून राहिलं. आबांनी सांगितलेलं आणि शाळेच्या मास्तरांनी लिहिलेलं ते पत्र असं होतं:

'कोळीवाड्यातील जोमा तांडेल अमावास्येच्या आदल्या दिवशी वारले. त्याआधी आठ दिवस ते हट्टाने दांड्यापर्यंत गेले होते, दोघांनी धरून होडीत बसवले. परत आल्यावर काठी टेकीत वर तुमच्या घरी आले. यापूर्वी ते कधी आले नव्हते. तुझ्यासाठी निरोप ठेवला आहे, तो त्यांच्याच शब्दांत लिहावा असा तुझ्या वडिलांचा आग्रह आहे. "बालिस्टरला कलवा, दांडा फिरून जाग्यावर आलाय. त्याची रेघ यंदा बरोबर हाय. बिगीनं येऊन बघ म्हनावं, पुढल्या पावसात परत जाईल."'

पत्रावर चैत्रातली तिथी होती. मला ते मिळालं तेव्हा आषाढ संपत आला होता.